कथालेखन स्पर्धेच्या कामाच्या नोंदी : ठाणे, ऑक्टोबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आमच्या वाचनालयाच्या साहित्य महोत्सवात यंदा प्रथमच कथालेखन स्पर्धा घ्यायची, असे आज कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले आणि संयोजनाचे काम माझ्याकडे आले. महोत्सव ८ व ९ फेब्रुवारीला आहे. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून सभासदांत मोठा उत्साह आहे. तो केवळ व्याख्यानांत संपू नये, लोकांनी लिहिते व्हावे, ही सर्वांचीच इच्छा दिसली.

सर्वाधिक वेळ शब्दमर्यादेवर गेला. एका ज्येष्ठ सभासदांनी आठवण करून दिली की हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले, तेव्हा एका अंकात पुरी होणाऱ्या गोष्टीला ते ‘स्फुट गोष्ट’ म्हणत. आपलीही कथा एका बैठकीत वाचून व्हावी. त्यावरून २,००० शब्द ही मर्यादा ठरली. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, ‘झाडाखालच्यांनासुद्धा’ हाही मोजणीत एकच शब्द ठरतो, त्यामुळे २,००० शब्दांत ऐसपैस कथा बसते. वर दहा टक्क्यांची सवलत ठेवली आहे. हस्तलिखितातील शब्द मोजण्यासाठी दहा ओळींची सरासरी काढून तिला एकूण ओळींनी गुणायचे.

हस्तलिखित कथा घ्याव्यात की नाही, यावर मतभेद झाले. घेतल्यास टंकलेखनाचा भार आपल्यावर येतो, हे खरे. परंतु ज्यांना मोबाइलवर दोन हजार शब्द लिहिणे जमत नाही, त्यांना दाराबाहेर ठेवणारी स्पर्धा वाचनालयाने घेऊ नये, असे मी आग्रहाने मांडले आणि ते मान्य झाले. प्रवेशशुल्क नाही, वयाची अट नाही. शेवटची तारीख १५ डिसेंबर.

गुणांची विभागणी अशी आहे : कथाबीज ३०, व्यक्तिरेखा आणि वातावरण २५, रचना २५, भाषाशुद्धी २०. शेवटच्या शब्दाची व्याख्या करावी, अशी सूचना मी केली. वेळ संपत आल्यामुळे ती पुढच्या बैठकीवर गेली.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीमुळे पंधरा दिवस काम थांबले होते. आज स्पर्धेचे पत्रक शहरातील वाचनालयांच्या फलकांवर लावून झाले. मराठी ग्रंथ संग्रहालयाची स्थापना १८९३ ची, म्हणजे या गावाला वर्गणी भरून पुस्तके वाचण्याची सव्वाशे वर्षांहून अधिक सवय आहे; वाचनालयाच्या फलकापाशी थांबून सूचना वाचणारी माणसे इथे अजून आहेत. कळवा, कोपरी, वागळे इस्टेट, बाळकुम आणि कोलशेत या भागांत पत्रके नेण्याचे काम महाविद्यालयीन स्वयंसेवकांनी घेतले.

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

आजवर ३४ कथा आल्या. त्यांतील नऊ जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत आणि आपल्या संगणकावर उघडल्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा नुसता सडा दिसतो. फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून काढल्यावर मजकूर वाचता येतो, पण तो निर्दोष असतो असे नाही. एका कथेत ‘सह्याद्रीच्या दर्या’ असे दिसले. लेखकाने सोबत पीडीएफ जोडली होती, ती उघडून पाहिली, तर तिथे ‘दऱ्या’ असे स्वच्छ छापलेले होते. ‘ऱ्या’मधला अर्धा र परिवर्तकाला ओळखता आला नाही, त्याचा त्याने रफार केला आणि डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. त्याच कथेत ‘दुसऱ्या’, ‘चेहऱ्यावर’, ‘पायऱ्या’ हे शब्दही तसेच बिघडलेले निघाले. मोजले, ते एकूण २६ भरले. परीक्षकांनी ही प्रत वाचली असती, तर भाषाशुद्धीचे वीसही गुण गेले असते आणि लेखकाला त्याचे कारण कधीच कळले नसते.

जुन्या फॉन्टमधील प्रत्येक कथेसोबत पीडीएफ मागवायची आणि परिवर्तित प्रत तिच्याशी ओळीला ओळ लावून तपासायची, असा नियम आजपासून केला.

१६ डिसेंबर २०२४, सोमवार

काल रात्री बारा वाजता मुदत संपली. एकूण ११८ कथा आल्या. ९६ संगणकीय, २२ हस्तलिखित. शब्दमर्यादेच्या फार पुढे गेलेल्या चार आणि पूर्वप्रकाशित दोन बाद केल्या. राहिल्या ११२.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कोलशेतहून एक मुलगी आजीची वही घेऊन आली. शंभर पानी वही, पानाच्या एकाच बाजूस निळ्या शाईत लिहिलेले, खाडाखोड जवळजवळ नाही. जिथे शब्द बदलला आहे, तिथे जुन्या शब्दावर कागदाची बारीक पट्टी खळीने चिकटवून वर नवा शब्द लिहिला आहे. अशा पट्ट्या मी अकरा मोजल्या. मुद्रितशोधनाच्या कामात माझी तीस वर्षे गेली, पण स्वतःच्या मजकुरावर इतके हलक्या हाताने केलेले काम क्वचितच पाहिले आहे.

२४ डिसेंबर २०२४, मंगळवार

सांकेतिक क्रमांक देऊन झाले. नावांची नोंदवही पाकिटात बंद करून, त्यावर दोघांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवली. निकाल ठरेपर्यंत ती उघडायची नाही. संगणकीय कथांच्या फाइलमध्ये लेखकाचे नाव गुणधर्मांत नोंदलेले राहते, त्यामुळे परीक्षकांना फाइल न पाठवता सर्व कथा एकाच अक्षरात व एकाच आकारात छापून द्यायच्या. हस्तलिखितांचे टंकलेखन तिघा स्वयंसेवकांनी आठ दिवसांत पुरे केले. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी एवढे केले, याची नोंद आवर्जून करतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

पहिली फेरी पूर्ण झाली. आठ वाचक आणि प्रत्येक कथेला दोन वाचक, अशी व्यवस्था होती. प्रत्येकाला दिलेल्या गठ्ठ्यातील क्रम मुद्दाम वेगळा लावला होता, कारण एका बैठकीत दहा-बारा कथा वाचल्यावर अकरावीला पहिलीइतके ताजे मन मिळत नाही आणि तो तोटा नेहमी त्याच लेखकाच्या वाट्याला येऊ नये. प्रत्येक कथा अखेरपर्यंत वाचायची, ही अट सर्वांनी पाळली. अंतिम फेरीसाठी २४ कथा निवडल्या. त्यांत पाच हस्तलिखित आहेत.

आलेल्या कथांविषयी एक निरीक्षण नोंदवतो. वृद्धाश्रमावरच्या आणि परदेशी गेलेल्या मुलांवरच्या कथा चाळीसच्या आसपास आहेत. विषय जिव्हाळ्याचा आहे यात शंका नाही, पण त्यांतील बहुतेकींत आई किंवा वडील खिडकीशी बसलेले असतात आणि शेवटी फोन वाजतो. खिडकीबाहेर काय दिसते, ते मात्र फारच थोड्यांनी लिहिले आहे.

परीक्षकांचे गुण येण्यापूर्वीच गणनेची पद्धतही ठरवून कागदावर सह्या घेतल्या. तीन परीक्षकांच्या गुणांची सरळ बेरीज करायची नाही. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून त्याने लावलेला क्रम काढायचा आणि त्या क्रमांकांची बेरीज करायची. जिची बेरीज सर्वांत कमी, ती पहिली.

१८ जानेवारी २०२५, शनिवार

तिन्ही परीक्षकांचे गुण आणि अभिप्राय आले. कथा क्रमांक ८३ वर थांबलो. कथाबीजाला तिघांनीही भरघोस गुण दिले आहेत. खाडीकाठच्या एका विधवेची ती कथा आहे. नवऱ्याची होडी वर्षानुवर्षे चिखलात पडून आहे. रासायनिक कारखान्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या, काठावर रस्ता येणार म्हणून मोजणीला साहेब येऊन गेले. आणि तरीही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला होडी चिखलातून सुटून पाण्यावर उचलली जाते, म्हणून ही बाई दर उधाणाला काठावर जाऊन दोर नव्याने बांधते. एवढेच घडते, पण दोराच्या गाठीपासून पायाला लागणाऱ्या गाळाच्या उबेपर्यंत सारे जवळून पाहिलेले आहे.

भाषाशुद्धीला मात्र तिला वीसपैकी तीन, पाच आणि चार गुण मिळाले. एका परीक्षकांनी पानावर लाल खुणा करून लिहिले आहे : प्रारंभी प्रमाणभाषा, नंतर बोली, निवेदनात सातत्य नाही, लेखनाच्या असंख्य चुका. खुणा पाहिल्या तर त्या ‘होरी’, ‘खारी’, ‘मासली’, ‘मना’ अशा शब्दांवर आहेत आणि पहिल्या दोन पानांवर एकही नाही. अभिप्राय चुकीचा म्हणता येत नाही, कारण समोरच्या प्रतीत खरोखरच तसे आहे. उद्या मूळ वही पाहायची.

१९ जानेवारी २०२५, रविवार

सकाळपासून वही आणि छापील प्रत शेजारी ठेवून वाचली. वहीतली कथा पहिल्या शब्दापासून आगरी बोलीत आहे. पहिल्या दोन पानांचे टंकलेखन करताना स्वयंसेवक मुलीने शब्द दुरुस्त केले आहेत : ‘होरी’चे ‘होडी’, ‘खारी’चे ‘खाडी’, ‘पानी’चे ‘पाणी’. तिला बोलावून विचारले, तेव्हा ती म्हणाली, “काका, मला सुरुवातीला चुकाच वाटल्या. मग फार यायला लागल्या, तेव्हा जसेच्या तसे टाइप केले.” तिचा हेतू लेखिकेला मदत करण्याचाच होता. टंकलेखन करणाऱ्यांना लेखी सूचना द्यायला हवी होती आणि ते काम माझे होते. लेखिकेच्या नावावर लागलेली विसंगती आमच्या टेबलावर तयार झाली आहे.

त्यानंतर संपूर्ण वहीतील असे शब्द एका कागदावर उतरवले. दोन स्वरांमध्ये येणारा ‘ड’ लेखिका ‘र’ लिहितात : होरी, खारी, गारी, घोरा. शब्दाच्या आरंभी मात्र ‘ड’ तसाच राहतो; ‘डोला’ हा शब्द सहा वेळा आला आहे आणि सहाही वेळा ‘ड’नेच सुरू होतो. ‘ळ’चा सर्वत्र ‘ल’ होतो, ‘ण’चा ‘न’. लेखन न येणारा माणूस एकदा असे आणि एकदा तसे लिहितो. या वहीत ३१ पाने नियम मोडत नाही. दोन ठिकाणी तेवढे ‘होडी’ असे आढळले. तिथे सवयीने हात गेला असावा असे समजून नव्या प्रतीत तिथेही ‘होरी’ केले.

नावे बंद पाकिटात असल्यामुळे लेखिकेला विचारणे शक्य नव्हते. बाळकुमचे एक आगरी सभासद दुपारी वाचनालयात आले होते, त्यांना क्रमांक झाकून एक पान दिले. त्यांनी ते मोठ्याने वाचले आणि वाचताना त्यांच्या आवाजातले वाचनालय निघून गेले. ते घरी बोलतात तसे बोलू लागले. ओहोटीनंतर बायका गाळातून निवट्या नावाचे मासे धरतात, तो परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. हे लिहिणाऱ्याने ऐकून लिहिलेले नाही, गाळात उभे राहून लिहिले आहे, असे त्यांनी सांगितले.

२२ जानेवारी २०२५, बुधवार

तिन्ही परीक्षकांशी बोललो. काय घडले ते न लपवता सांगितले आणि क्षमा मागितली. केवळ एका कथेला पुन्हा संधी देणे इतरांवर अन्याय ठरले असते, म्हणून अंतिम फेरीतील पाचही हस्तलिखित कथांच्या प्रती मुळाशी ताडून नव्याने छापल्या. त्यांतील आणखी दोन कथांत लहानसहान फरक निघाले. पाचही कथा तिघांनी पुन्हा वाचायच्या, असे ठरले. पहिल्या फेरीत मागे राहिलेली हस्तलिखितेही दोन सभासदांनी दोन संध्याकाळी बसून तपासली. एक कथा पुन्हा वाचनास काढावी लागली, ती पुढे गेली नाही.

परीक्षकांपैकी मॅडमनी निवृत्तीपर्यंत मराठीच शिकवले. त्यांचा आक्षेप स्पष्ट होता : संवाद बोलीत असावेत, निवेदन प्रमाणभाषेत असावे, नाहीतर शुद्धलेखनाला अर्थ काय उरतो? आक्षेप बाजूला सारण्यासारखा नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, शाळांनी आणि छापखान्यांनी पाळले म्हणूनच नागपूरचा मजकूर ठाण्यात अडखळल्याशिवाय वाचता येतो. मी एवढेच म्हणालो की ते नियम प्रमाणभाषेच्या लेखनाचे आहेत आणि ही कथा सांगणारी बाई प्रमाणभाषा बोलतच नाही. तिच्या तोंडून ‘होडी’ वदवायची असेल, तर कथा तिच्याकडून काढून दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. दुसऱ्या परीक्षकांनी बहिणाबाई चौधरींचा दाखला दिला. त्यांची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या खानदेशी बोलीत आली म्हणूनच टिकली, असे त्यांचे म्हणणे. मॅडम गाणे आणि कथा यांत फरक करतात आणि तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. नवी प्रत मात्र त्यांनी हातात घेतली आणि शब्दांचा तक्ताही मागून घेतला.

२६ जानेवारी २०२५, रविवार

झेंडावंदनानंतर निकालाची गणना केली. पहिल्या परीक्षकांचे गुण ४१ ते ६३ या पट्ट्यात आहेत, दुसऱ्यांचे ५८ ते ९२, तिसऱ्यांचे ५० ते ८०. सरळ बेरीज केली असती, तर हात सैल असलेल्या दुसऱ्या परीक्षकांचेच मत निकाल ठरवून गेले असते, कारण त्यांच्याकडे दोन कथांतील अंतर वीस गुणांचे असते तिथे पहिल्यांकडे ते जेमतेम दहाचे भरते. पडताळा म्हणून दोन्ही पद्धतींनी आकडे मांडले. पहिली कथा दोन्हींत तीच आली. मात्र क्रमांकांच्या बेरजेत तिसरी आलेली कथा सरळ बेरजेत पाचवी गेली असती.

कथा ८३ चे क्रमांक चार, दोन आणि तीन, बेरीज नऊ; दुसरा पुरस्कार. चौथा क्रमांक मॅडमचा आहे. भाषेच्या रकान्यात त्यांनी पाचाचे चौदा केले आणि शेजारी लिहिले : बोलीचा नियम सांभाळला आहे.

संध्याकाळी दोन साक्षीदारांसमोर पाकीट उघडले.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

घंटाळीजवळच्या सभागृहात दुपारच्या सत्रात पारितोषिके दिली. पुरस्कारप्राप्त तीन कथांची पुस्तिका सकाळीच छापखान्यातून आली, २०० प्रती. तिन्ही लेखकांनी कथेतील एकेक उतारा वाचावा, अशी विनंती केली होती. कथा ८३ च्या लेखिका, कोलशेतच्या मावशी, नातीला घेऊन आल्या. चष्मा घरी राहिला, म्हणून नातीने वाचायला सुरुवात केली. ती शाळेत वाचतात तसे वाचू लागली, तेव्हा मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला आणि पुढचा उतारा स्वतः तोंडपाठ म्हटला. सभागृहात मागच्या दोन रांगांत बाळकुम-कोलशेतची मंडळी बसली होती. मावशींनी पारितोषिक घेतल्यावर मॅडम त्यांना व्यासपीठावरून खाली सोडायला गेल्या आणि पुढची दहा मिनिटे दोघी पायऱ्यांशी उभ्या राहून बोलत होत्या.

तिसऱ्या क्रमांकाचे लेखक रात्रपाळीहून थेट आले होते.

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार

वही टपालाने पाठवायला मन धजेना, म्हणून ती घेऊन कोलशेतला गेलो. आज माघी पौर्णिमा. दुपारी पाणी काठाच्या दगडांपर्यंत चढले होते आणि बांधलेल्या होड्या एकाच दिशेला तोंड करून हलत होत्या. मावशींनी वही घेतली, पट्ट्या शाबूत आहेत ना ते बोट फिरवून पाहिले आणि मग पुस्तिका पुढे केली. पान अकरावर त्यांनी पेन्सिलीने दोन खुणा केल्या होत्या. साहेबाच्या तोंडी ‘होरी’ कसे आले, असे त्यांनी विचारले.

वही उघडून पाहिले. मी हात घसरला असे समजून बदललेली ती दोन्ही ठिकाणे, मोजणीला आलेल्या साहेबाच्या बोलण्यात आहेत. संपूर्ण कथेत ‘होडी’ म्हणणारा तो एकटाच माणूस आहे. त्यांतल्या एका जागी तर शब्दावर पट्टी चिकटवलेली आहे. उजेडात धरले, तेव्हा खालचा ‘होरी’ दिसला. म्हणजे तो शब्द त्यांनी विचार करून बदलला होता आणि मी तो पुन्हा मागे नेला. मी तसे त्यांना सांगितले. नातीने चहा आणला. “आता छापलं ते छापलं,” असे मावशी म्हणाल्या, पण पुस्तिका त्यांनी मिटली नाही.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

पुस्तिकेच्या ६४ प्रती शिल्लक होत्या. टंकलेखन करणारी ती मुलगी आणि मी दोघांनी बसून प्रत्येक प्रतीत पान ११ वर, ओळ ७ आणि ओळ १९ मध्ये, ‘र’वर कागदाची पट्टी लावून काळ्या शाईने ‘ड’ लिहिला. गेलेल्या १३६ प्रतींसाठी शुद्धिपत्र छापून ते वाचनालयाच्या फलकावर लावले आणि ज्या सभासदांनी पुस्तिका नेली त्यांच्या घरी पोचवायला दिले. दुरुस्त केलेल्या दहा प्रती उद्या सकाळच्या बसने कोलशेतला जातील.